बिनमातीचा पालक

खारघरला आमच्या सोसायटीच्या गेटपाशी दर रविवारी बिनमातीच्या भाजीचा स्टॉल लागतो. महाप्याच्या एका शेडमध्ये दिव्यांखाली, नुसत्या पाण्यावर वाढवलेला पालक. मला तो आवडतो, धुण्याची कटकट नाही.

तिथे एक आजोबा यायचे, बोलण्यावरून देशावरचे. जुडी उचलायची, मुळं तळहातावर आपटायची आणि मग तळहात निरखत राहायचं. त्यावर काहीच पडलेलं नसायचं. जुडी अलगद परत ठेवून ते निघून जायचे.

परवा स्टॉलवरची मुलगी हसली. "काका, झटकता कशाला? याला माती लागतच नाही."

"खरं हाय पोरी," ते म्हणाले. "आमच्या हिलाबी न्हाई लागली. मेल्यावर गावाकडं न्या म्हनायची. पोरगा म्हनला, इथंच उरकू. विजेच्या दाहिनीचं बटन दाबलं, झालं. आता गाववाले इचारत्यात, मातीला, म्हंजी मयताला, का बोलावलं न्हाई? काय सांगू? माती हुतीच कुठं?"

त्यांनी स्वच्छ तळहात सदऱ्याला पुसला आणि ते गेले.

घरी आल्यावर मी पालक धुवायला घेतला. कितीतरी वेळ धूत होते. पाणी शेवटपर्यंत नितळच राहिलं.