मुनीर सरांचा झिंगा

मुनीर सर झिंग्याची एकच बाजू खोलत. डावीकडचे पाय, नांगी, तोंडाजवळचे बारीक अवयव चिमट्याने सुटे करायचे आणि चित्रकलेच्या खळग्याखळग्यांच्या पांढऱ्या प्लेटीत ओळीने मांडायचे. उजव्या बाजूला हात म्हणून लावायचा नाही. मी त्यांच्याच कॉलेजात मराठी शिकवत होते. स्टाफरूमपेक्षा प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत चहा बरा मिळतो म्हणून तिकडे जायची आणि ती मांडामांड बघत बसायची. एकदा विचारलं, "सर, उजवी बाजू रुसत नाही का हो?"

"हे आमच्या गॅरेजचं शास्त्र हाय, मॅडम," ते मायक्रोस्कोपवरून डोळा न काढता म्हणाले. "एका चाकाचा ब्रेक खोलला, तं दुसऱ्याचा बंद ठेवाचा. कोनती स्प्रिंग कुठं होती हे इसरलं, तं तिकडं पाहून बसवाचं. अब्बांनी शिकवलं हे. प्राणिशास्त्र मंग शिकलो मी."

आमच्या पुसदला समुद्र नाही. जवळचा समुद्र गाठायचा तर रात्र आणि दिवस प्रवासात जातात. आमच्याकडच्या पोरांना झिंगा माहीत तो बाजारातला, सुकवलेला. असल्या गावात बसून समुद्राच्या चिखलातल्या झिंग्यांचा अभ्यास करणाऱ्या माणसाला लोकांनी काय म्हणावं? म्हणायचे ते म्हणतच. सरांना त्याचं काही नव्हतं. कॉलेजच्या सहलीबरोबर ते कोकणात गेले होते, तेव्हा ओहोटीच्या वेळी एका खाडीत त्यांचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला. पोरं हसली. सर मात्र रुतल्या जागी वाकून बघत राहिले. चिखलावर छोटे छोटे उंचवटे होते, प्रत्येकाच्या टोकाला भोक, आणि त्यातून मधूनच गढूळ पाण्याची पिचकारी उडायची. "कोन राहून राह्यलं बे इथं?" ते मोठ्याने म्हणाले. पुढचं सगळं आयुष्य त्यांनी त्या प्रश्नाला दिलं.

बिळात राहणारा तो झिंगा बोटभर लांब, मऊ, फिकट, अंगातलं आरपार दिसेल इतका नाजूक. नराची एक नांगी मात्र भलीमोठी असते. हाताने खणायला जावं तर तो आणखी खोल जातो. म्हणून सरांच्या मोठ्या भावाने, रफीकभाईंनी, त्यांना गॅरेजात एक पंप बनवून दिला होता. प्लास्टिकचा जाड पाइप, आत दांडा, दांड्याला चामड्याचा वायसर. भोकावर ठेवून दांडा ओढला की चिखलासकट झिंगा वर येई. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत सर तो पंप खांद्यावर टाकून निघत. बसमध्ये लोक विचारत, बोअरची दुरुस्ती करता का?

अब्बा लवकर गेले, तेव्हा रफीकभाईंनी शाळा सोडून हातात पाना घेतला आणि धाकट्याला शिकवलं. त्यांना स्वतःला समुद्र ठाऊक नव्हता, पण पंपाचं गिऱ्हाइकांना तपशीलवार सांगत. "वायसर ढिल्ला तं झिंगा गेला," हे त्यांचं वाक्य सगळ्या गल्लीला पाठ होतं.

अडचण एकच होती. पकडल्याबरोबर हा झिंगा आपली मोठी नांगी टाकून देतो, आणि नराची जात तर त्या नांगीवरच ठरते. किती उन्हाळे सरांच्या हाती माद्या आणि थोटे नरच लागले. मग एका सुट्टीत धडधाकट नर मिळाला. त्याच्या नांगीच्या बोटावर दात, म्हणजे टोकदार उंचवटा, नव्हता. त्याच्या माहीत असलेल्या सगळ्या भाऊबंदांना तिथे एक ठसठशीत दात असतो. सरांनी जगभरची जुनी वर्णनं मागवून घेतली, एकेक केस, एकेक काटा ताडून पाहिला. बाकी सगळं ओळखीच्या एका जातीसारखं, फक्त दात नाही आणि नांगी निमुळती. अखेर ते मला म्हणाले, "नवीन हाय, मॅडम. जगात कोनी पाह्यला नाही हा."

नव्या जातीला स्वतःचं नाव द्यायचं नाही, असा शास्त्रज्ञांचा शिष्टाचार आहे. सरांनी भावाचं दिलं. लॅटिनच्या रिवाजाप्रमाणे त्याचं झालं 'रफीकी'. झालं! गावाला तेवढंच पाहिजे होतं. "ओ रफीकी, टायर पाहा जरा," असं लोक ओरडायचे आणि रफीकभाई तोंड काळ्या तेलाने माखलेलं असतानाही लाजायचे. शोधपत्रिकेने लेख स्वीकारल्याचं कळलं तेव्हा त्यांनी गल्लीत पेढे वाटले. मला पेढा देताना म्हणाले, "आठवी नापास मानसाचं नाव किताबात चाललं, मॅडम. अब्बा पाह्यजे होते."

तोवर सरांच्या किडन्या गेल्या होत्या. डायलिसिससाठी यवतमाळला खेपा सुरू होत्या, चेहरा सुजलेला असे. अशातच छपाईआधीची शेवटची आकृती नीट करायला म्हणून त्यांनी तो नर पुन्हा बाहेर काढला. मी समोर चहा घेत होते. त्यांनी नांगी उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाले, "या नांगीचं कवच पातळ हाय."

मला काहीच समजलं नाही. त्यांनी समजावलं. टाकून दिलेली नांगी झिंग्याला पुन्हा उगवते. पण उगवलेली कधी कधी बारीक राहते आणि तिच्यावर जुन्या खुणा पुऱ्या उमटत नाहीत. "हे पहिली हाय का दुसरी, कसं सांगू? एकच नर हाय माह्यापाशी. यानं तरुणपणी नांगी फेकली असन, तं दात कुठून राहीन?" मिळाला त्या वर्षीच त्यांनी तो फॉर्मलिनमध्ये ठेवला होता, त्यामुळे डीएनए तपासायचीही सोय उरली नव्हती. त्याच खाडीतला दुसरा नर पाहिजे होता, आणि सरांना आता जिना चढवत नव्हता.

प्राचार्य म्हणाले, छापून येऊ द्या, कोण बघतंय! खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. माणूस चाललेला दिसत होता. त्याच्या पदरात एवढं तरी पडावं, यात कोणाचं काय जाणार होतं? सर म्हणाले, "दुसरी बाजू न पाहता गाडी रस्त्यावर सोडू का मी?"

रफीकभाईंनी गॅरेज बंद केलं, पंप उचलला आणि आयुष्यात पहिल्यांदा समुद्राकडे निघाले. ते परत आले त्या दिवशी मी सरांच्या घरीच होते. चेहरा उन्हाने करपलेला, पावलं कालवांच्या शिंपांनी कापलेली, आणि हातात स्पिरिटची बाटली. आत नर होता, नांगीसकट. "वायसर नवीन टाकला होता," ते अभिमानाने म्हणाले. सरांनी बाटलीकडे बघितलंच नाही आधी. "पाय दाखवा, भाईजान," म्हणाले, आणि बायकोला गरम पाणी आणायला सांगितलं.

पाय धुवून झाल्यावर त्यांनी मायक्रोस्कोप ओढला. रफीकभाई आमच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होते. "रफीकीच हाय ना?"

सरांनी त्यांना जवळ बोलावलं, खुर्चीवर बसवलं, डोळा लावायला सांगितलं. "बोटाच्या मधात पाहा. काय दिसून राह्यलं?"

"दात हाय एक. मोठा."

"हो," सर म्हणाले. "दात हाय."

बाकी एकेक काटा पहिल्या नरासारखाच होता. म्हणजे त्याची बिनदाताची नांगी दुसऱ्यांदा उगवलेली; जात जुनी, केव्हाच नाव मिळालेली. सरांनी त्याच संध्याकाळी लेख मागे घेतला. मग नव्या बाटलीत टाकायची चिठ्ठी पेन्सिलीने लिहिली, कारण स्पिरिटमध्ये शाई टिकत नाही. वर जुन्या जातीचं नाव, खाली खाडीचं, आणि गोळा करणाऱ्याच्या जागी शेख रफीक, पुसद. रफीकभाईंनी ती वाचली आणि ते घरी गेले.

पावसाळा संपायच्या आत सर गेले. दफनाला गाव लोटलं होतं. त्यांचे किती विद्यार्थी होते ते तेव्हा दिसलं.

पुढे एकदा माझ्या स्कूटरचा ब्रेक लागेना म्हणून गॅरेजात गेले. रफीकभाई एका जीपच्या चाकाशी बसले होते. एका चाकाचा ब्रेक उघडा, भाग फडक्यावर ओळीने मांडलेले, दुसरं चाक तसंच बंद. आता त्यांना कोणी रफीकी म्हणत नाही. गावालाही कधी कधी अक्कल असते. हात पुसत ते उठले आणि स्कूटरकडे न बघता म्हणाले, "मॅडम, तुम्ही शिकल्या-सवरल्या हाय. एक सांगा. नावाचं मले काही नाही. पन मी त्या खाडीतून रिकाम्या हातानं परत आलो असतो, तं मुनीर जाईपर्यंत त्याचा झिंगा नवीनच राह्यला असता ना?"

मला रडू आवरेना. म्हटलं, "रफीकभाई, सरांना खरं काय ते पाहिजे होतं. तुम्ही आणलात म्हणून तर त्यांना कळलं."

"तेच तं म्हंतो मी," ते म्हणाले. "मीच आनला."