जेवून मग राजीनामा

राजीनामा लिहून घ्यायला आलेल्या माणसाला आबा आधी जेवायला बसवत. माणूस तणतणत आलेला असो की रडवेला, पुढ्यात भाकरी आणि पिठलं यायचंच. "उपाशीपोटी राजीनामा लिहायचा न्हाय," ते म्हणत. "पोट रिकामं असलं की कागदावर शिव्या उतरतात."

आबा माझ्या वडिलांचे स्नेही. एका कंपनीत हेडक्लार्क म्हणून उभा जन्म काढून सांगवीला येऊन राहिलेले. पत्नी आधीच गेलेली, मूलबाळ नाही. बारामती-इंदापूरकडे कुणाला नोकरी असह्य झाली की तो सांगवीची वाट धरी.

जेवणानंतर दुसरा अंक. आबा काळा चष्मा चढवून, खुर्चीत साहेब होऊन बसत. "हां, बोला. काय काय केलंय मी?" समोरचा आधी बिचकायचा, मग सुटायचा. एकदा शाळेतल्या एक बाई इतक्या सुटल्या की शेजारच्या काकू कुंपणावरून डोकावल्या. "आबा, तुमी एवढं काय केलंत वो त्यांना?" आबा मान खाली घालून म्हणाले, "लय छळलं बघा." मग चष्मा उतरायचा आणि चार ओळींचं सभ्य पत्र तयार व्हायचं. "नोकरी सोडतोय, तालुका न्हाय. उद्या एकाच लग्नात जेवायचंय," हे वर.

मी मात्र शहाणा! इंदापूरजवळच्या एका खाजगी डेअरीत मी सुपरवायझर होतो. गाडी बंद पडली, दूध नासलं, माणूस आला नाही, सगळे फोन मला. जेवताना फोन वाजला की घास हातातच राही आणि छातीत धडधड सुरू होई. डॉक्टरांनी रक्तदाब पुन्हा मोजून पाहिला आणि "हे काम सोडा" एवढंच म्हणाले. मी घरीच राजीनामा लिहिला. कारण? सगळे घालतात तेच: 'घरगुती कारणास्तव'.

त्याच संध्याकाळी आमचे मालक, भाऊसाहेब, दोन वडीलधाऱ्यांना घेऊन घरी हजर! माझी बायको मंदा चहा घेऊन आली, तर तिलाच समोर बसवलं.

"सूनबाई, काय असंल ते मोकळेपणानं सांगा. आमी मिटवून टाकू."

"काय मिटवून?"

"घरातली भानगड."

एका म्हाताऱ्यानं माझ्याकडे बोट रोखलं. "पितो का रं तू?"

मी चहाचा कप खाली ठेवला. भाऊसाहेबांनी मोठ्या प्रेमानं राजीनामा माझ्या खिशात परत कोंबला. "घर सांभाळा. सोमवारी कामावर या." ते गेल्यावर मंदा म्हणाली, "तुमच्या त्या फोनपायी दोघांची झोप गेली, आणि कागदावर कारण मी?" सोमवारी मी कामावर गेलो. गल्लीतल्या बायका मात्र तिला 'काय झालं गं' विचारतच राहिल्या.

पुढच्या सुट्टीला सांगवी गाठली. आबांना सगळा प्रसंग मी नकला करून ऐकवला. म्हाताऱ्याचं बोटसुद्धा सोडलं नाही. आबा हसले नाहीत. ताटात भाकरी वाढून म्हणाले, "घरात खरंच काय कारण व्हतं?"

"नाही."

"माझ्या घरात व्हतं."

त्यांची पत्नी अंथरुणाला खिळलेली. सकाळी निघताना 'बसा जरा' म्हणायची. "रोज ठरवायचो, उद्या राजीनामा देतो आन् हिच्यापाशी बसतो. पण वाटायचं, माझ्याबिगर ऑफिस कसं चालंल? ती गेली तवा मी टेबलावर व्हतो." माझ्या ताटात पिठलं वाढत म्हणाले, "ऑफिस अजून चालूच हाय."

त्या दिवशी काळा चष्मा चढलाच नाही. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: 'कामाचा ताण माझ्या प्रकृतीला झेपत नाही. आपण आजवर सांभाळून घेतलेत, त्याबद्दल आभारी आहे. नव्या माणसाला सर्व काम समजावून देईन. महिनाअखेरीस मला मोकळे करावे.'

पत्र द्यायला मंदालाही सोबत नेलं. भाऊसाहेबांनी ते सावकाश वाचलं. "तब्येतीचं व्हतं, तर आधी बोलायचं की राव!" मग मंदाकडे वळून त्यांनी हात जोडले. "सूनबाई, त्या दिवशी आमचं चुकलं." आणि सही केली.

आता माझं पशुखाद्याचं छोटं दुकान आहे. गेल्या हिवाळ्यात आबा बारामतीच्या दवाखान्यात होते. डॉक्टरांनी आशा सोडली होती. मी दुकान बंद ठेवून सकाळीच पोचलो. आबांनी डोळे उघडले. चेहरा ओळखला, पण मधली वर्षं बहुधा पुसली गेली होती.

"कामावर न्हाय गेलास?"

"राजीनामा दिला ना, आबा. तुम्हीच सांगितला, मी लिहिला."

त्यांनी चादरीवरचा हात माझ्याकडे सरकवला.

"व्हय की," ते म्हणाले. "मग बस."

त्यांचा हात हातात घेऊन मी बसलो. दुपारी तो गार पडला, तरी बसूनच होतो.