परसातली चांदवी

मशीनमावशी सगळ्या गल्लीचे कपडे शिवायच्या. नवरा गेल्यावर दोन मुलींना त्यांनी त्या एका मशीनवर वाढवलं. मुली आपापल्या घरी गेल्या, तेव्हा कुठे मावशींना मान वर करून परसात बघायला फुरसत मिळाली. मी साहित्याची पदवी घेऊन घरी बसलो होतो. माझ्याकडे फुलपाखरांचं एक पुस्तक होतं. आमची गट्टी जमली. मला त्या पंडित म्हणायच्या. नोकरी दिसत नाही तर फुलपाखरू तरी दाखव, असं चिडवायच्या.

नियम त्यांचाच होता. परसात आली ती पाहुणी, पाहुणीला हात लावायचा नाही. एकदा मी फुलपाखरू पकडायला बरणी घेऊन गेलो, तर त्यांनी मला चांगलंच फैलावर घेतलं. त्या दिवसापासून मी त्यांना मानायला लागलो.

यंदा एक केशरी फुलपाखरू येऊ लागलं आणि आमचं नावावर अडलं. बिबळ्या कडवा हे फुलपाखरू चवीला कडू, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. छोटा चांदवा या दुसऱ्या फुलपाखराची मादी त्याचंच सोंग घेते; मी म्हणायचो हा कडवा, मावशी म्हणायच्या ही चांदवी. कडव्याच्या मागच्या पंखांवर मधोमध काळे ठिपके असतात, तिच्या नसतात. पण हे नीट बसेल तर ना. मावशी कातरकाम अर्धं टाकून दारात उभ्या राहायच्या. कापड उलटंपालटं करून, बोटांत चुरगाळून पाहिल्याशिवाय त्यांनी कधी त्याची जात सांगितली नव्हती. लांबून बघणं त्यांना किती जड जातंय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

काल सकाळी त्यांनी हाक मारली. चेहरा उजळलेला. टेबलावर टाचण्यांची उशी होती. तिच्यावर ते फुलपाखरू, पंख ताणून चारी बाजूंनी टाचलेलं, शिवण्याआधी खिसा टाचतात तसं. पोट अजून हलत होतं.

"ठिपके नाहीत," त्या म्हणाल्या. "चांदवीच. मी म्हणत होते ना?"

"मावशी, पाहुणी होती ती."

"नाव माहीत नाही तिला पाहुणी कसं म्हणायचं, पंडित?"

मी पुस्तक उघडलं. त्यांचं बरोबर होतं. तसं सांगितलं. त्या खूश झाल्या. दोऱ्याचं टोक दातांनी तोडत त्यांनी विचारलं, "आता ती कुंपणाजवळची पिवळी. कुठे बसते रे ती?"

मला ठाऊक होतं.

"हल्ली दिसत नाही," मी म्हणालो आणि चपला घातल्या.