नाव घेऊन मारलेली हाक

नांदेडला पुतण्याचं लग्न होतं म्हणून आम्ही लातूरहून आदल्या दिवशीच गेलो होतो. लग्न लागलं, पंगती उठल्या, पाहुणे एकमेकांना जयभीम घालत पांगले, आणि लॉजवर पाठ टेकल्या टेकल्या आमच्या ह्यांनी काढलं, आलोच आहोत तर उद्या नांदेड बघून घेऊ. नुकतेच रिटायर झाले होते. नोकरीच्या दिवसांत आम्ही जोडीनं कुठं गेलो असू तर लग्नाला, मयतीला, नाहीतर दवाखान्यात. त्यामुळं मीही लगेच हाव म्हणाले. मे महिना होता, पण मराठवाड्यात जन्म काढलेल्या माणसाला उन्हाचं काय कौतुक, असा दोघांचाही तोरा.

ह्यांना शुगर आहे. सकाळी इन्शुलिन घेतलं की वर नीट खावं लागतं. नाही खाल्लं तर शुगर खाली येते, घाम फुटतो, माणूस काहीबाही बोलायला लागतो. एकदा घरी असं झालं तेव्हा त्यांनी पोटच्या लेकीला ओळखलं नव्हतं. डॉक्टरांनी त्या दिवशी मला बजावलं, बाई, साखर जवळ ठेवत जा, उशीर झाला तर माणूस हातचा जातो. तेव्हापासून माझ्या पर्समध्ये साखरेची पुडी आणि बिस्किटाचा पुडा असतो. बाकी काही विसरेन, ते नाही.

त्या सकाळी इन्शुलिन घेतलं आणि पोहे दोन घास खाऊन प्लेट सरकवली. तेलकट आहेत म्हणे. गुरुद्वारा बघितला, बरं वाटलं, डोक्यावर पदर घेऊन मी निवांत बसले होते. म्हटलं, आता लंगरमध्ये जेवूनच निघू. तर ह्यांना रांग मोठी दिसली. आधी किल्ला बघू, ऊन वाढायच्या आत, मग कुठंतरी चांगल्या हॉटेलात जेवू, असं म्हणून चपला शोधायला लागले. ऊन वाढायचं काय राहिलं होतं? ऑटोची सीट तव्यासारखी तापलेली. मी वाटेत तोंड भरून बोलून घेतलं. ते बाहेर दुकानांच्या पाट्या वाचत बसले. माझं बोलणं सुरू झालं की हा माणूस पाट्या वाचतो.

नदीकाठच्या किल्ल्यात पोहोचलो तेव्हा ऊन मी म्हणत होतं. माझे गुडघे पायऱ्या बघूनच दुखायला लागले. मी लिंबाखाली बसले आणि म्हटलं, बिस्किटं खा आणि मग हिंडा. आलोच, नदी बघून येतो, असं म्हणाले, खिशातला फोन जड होतो म्हणून माझ्या हातात दिला आणि गेले. पाठमोरे दिसले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. ऊन आहे, घाम यायचाच, असं मला वाटलं.

आलोच म्हणणारा माणूस येईना. आधी माझा पारा चढला. आता येऊ द्या, मग सांगते, असं पुटपुटत मी पदरानं वारा घेत बसले. मग मला तो चिकटलेला शर्ट आठवला. तो घाम नुसता उन्हाचा नव्हता. पुडी माझ्यापाशी, बिस्किटं माझ्यापाशी, आणि हे कुठं? घाईघाईत फोन लावला तर माझ्याच पर्समध्ये वाजायला लागला. माझ्या फोनवर त्यांचं नाव ‘पप्पा’ असं आहे, लेकीनं टाकून दिलेलं. ते दोन्ही फोन हातात धरून मी वेड्यासारखी बघत राहिले.

उठले. गुडघे गेले खड्ड्यात. बुरुजाकडं गेले, भिंतीच्या कडेनं फिरले, सगळीकडं नुसती झाडी, पडके दगड आणि डोळ्यांवर येणारी तिरीप. जिवाच्या आकांतानं हाक मारली, “अहो!” सावलीत बसलेले चार-पाच बाप्ये एकदम माझ्याकडं बघायला लागले. एकानं तर तिकडून ओ दिली. त्याची बायको त्याच्या शेजारीच होती. कॉलेजची पोरं-पोरी हसली. मला रडू यायला लागलं आणि त्या पोरांचा असा राग आला की विचारू नका.

फाटकावरचा वॉचमन आला. काय झालं म्हणाला. म्हटलं, आमचे मालक सापडंनात, शुगरचे पेशंट हायत, खाल्लं न्हाई काही. नाव सांगा, मी तिकडनं हाका मारतो, तुम्ही इकडनं मारा, असं तो म्हणाला. मी सवयीनं पर्समध्ये त्यांच्या नावाचा कागद शोधायला लागले. तो वैतागला.

“मालकाला नाव असंल की बाई.”

नाव होतं. कालच लग्नात उखाण्यात घेतलं होतं, सगळ्या बायका हसल्या होत्या, मीही हसले होते. पण उखाण्यात घेणं वेगळं. रेशनच्या दुकानात, बँकेत, दवाखान्यात मी कागद पुढं सरकवते, वाचा म्हणते. नवऱ्याला नावानं हाक मारली तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं लहानपणी आईनं डोक्यात भरलेलं. लेक ह्यावरून मला फार बोलते. मला कळतं तिचं. पण कळणं एक आणि तोंडातून निघणं एक. आणि तिथं उन्हात उभी राहून मला एवढंच दिसत होतं की आयुष्य तर आत्ताच चाललंय माझ्यासमोर.

मी नाव घेऊन हाक मारली. आधी आवाजच फुटला नाही. मग फुटला तो असा की कावळे उडाले. पुढं ‘अहो’ नाही, मागं ‘राव’ नाही. नुसतं नाव. एकदा, दोनदा, मग थांबलेच नाही. नाव घेत मी नदीच्या बाजूला पायऱ्या उतरत गेले.

खालून, भिंतीआडून आवाज आला.

“आलो गं आये.”

भिंतीला टेकून बसले होते. चपला काढून नीट बाजूला ठेवलेल्या, अंग घामानं निथळत होतं, नजर कुठंतरी भलतीकडं. माझ्याकडं बघून पुन्हा म्हणाले, आलो की गं. मी त्यांच्या तोंडात साखर घातली. लहान लेकरागत आ केला त्यांनी. वॉचमन पळत जाऊन उसाचा रस घेऊन आला. थोडा थोडा पाजला. मग बिस्किटं. डोळे हळूहळू ठिकाणावर आले, तसे म्हणाले, तू खाली कशाला आलीस, गुडघे दुखतेत ना तुझे. मी तिथंच खाली बसून मोठमोठ्यानं रडले. ऐकणाऱ्यांनी ऐकावं.

दुपारी दवाखान्यात दाखवलं, डॉक्टर आता बरं आहे म्हणाले, संध्याकाळची लातूर गाडी धरली. ह्यांना मधलं काही आठवत नव्हतं. मी बोलत होते. हे आज बाहेर पाट्यासुद्धा वाचत नव्हते. लोहा गाव मागं पडल्यावर हळूच म्हणाले, मला कुणीतरी नावानं हाक मारल्यासारखं वाटलं, आये असंल म्हणलं. मी म्हटलं, मी होते.

त्यांनी माझ्याकडं मान वळवली.

“आये गेली तवापासून कुणी म्हनलंच न्हाई गं.”

मी मनातल्या मनात बघितलं. धाकटे दीर दादा म्हणतात, लेकरं पप्पा, ऑफिसात साहेब, गल्लीत काका. आणि मी अहो. खरंच कुणी उरलं नव्हतं. गाडी भरलेली होती, पुढच्या सीटवरच्या बाईचे कान आमच्याकडंच होते. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि हळूच नाव घेतलं.

“हाव,” ते म्हणाले.