यमुनाक्काची शोधाशोध

यमुनाक्का गेल्याची बातमी लाकडाच्या ट्रकवरच्या ड्रायव्हरनं आणली. जंगलातल्या कुंभारवाडा गावच्या आमच्या दवाखान्यासमोर त्यानं गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं आणि खाली बघत म्हणाला, "डाक्तरीणबाई गेल्या, बेळगावात. हार्ट म्हनं." मला आधी त्या बिचाऱ्याचा राग आला आणि मग अक्काचाच. लगेच परत येते असं सांगून गेली होती, तिच्या भरवशावर मी पेशंट थोपवून धरले होते... महिना उलटून गेला, तो राग अजून उतरलेला नाही.

ती माझ्याहून वरिष्ठ डॉक्टर. पण इकडच्या रीतीनं सगळे तिला अक्का म्हणत, तशी मीही म्हणू लागले. तिचा पाय म्हणून एका जागी ठरत नसे. पेशंट तपासायची उभ्यानं, जेवायचीही उभ्यानं. एखादा आजार उमगला नाही, की मिळेल त्या ट्रकमध्ये चढून बेळगावच्या वैद्यकीय ग्रंथालयात जायची. जगभरच्या वैद्यकीय मासिकांत काय काय छापून आलंय, त्याची सूची तिथे जाडजूड खंडांत लावून ठेवलेली असे. मला पहिल्यांदा तिथे नेलं, तेव्हा मी 'ताप' हा मथळा काढला आणि बारीक टाइपातले रकानेच्या रकाने बघून माझे डोळे पांढरे झाले. अक्का हसली. "तापात शिरलीस तर म्हातारी होऊनच बाहेर येशील! दोन लक्षणं घे, एकमेकांशी फारसा संबंध नसलेली. दोन्ही मथळ्यांखाली जो लेख दिसेल, तो धर. त्यानं शेवटी ज्यांचे संदर्भ दिलेत त्यांच्याकडे जा, आणि तिथून आणखी मागे." ऐकायला सोपं होतं. अंगवळणी पडेपर्यंत मात्र मी तिची भरपूर बोलणी खाल्ली.

एका वर्षी भातलावणीच्या दिवसांत रुक्माक्का आपल्या धाकट्याला, भिकूला, घेऊन आली. ती जंगलातल्या वाडीवर शेती करणारी. भिकू तापानं फणफणलेला, डोळे पिवळेधमक. तिचा थोरला मुलगा आदल्या वर्षी अशाच तापात गेला होता. कावीळ म्हटली की इकडे झाडपाल्याचं औषध घ्यायचं, तेल-तिखट सोडायचं. थोरल्याचं तसंच केलं होतं, आणि अगदी शेवटी दवाखान्यात आणला तेव्हा अक्कानंही कावीळच म्हटलं होतं. या खेपेला मात्र रुक्माक्का थेट आमच्याकडे आली. "एक गेला, बाय. ह्यो तरी ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाली.

अक्का भिकूला वरपासून खालपर्यंत चाचपत होती. पोटरीवर बोटं दाबली तसा तो किंचाळला. रुक्माक्का म्हणाली, "लावनीत पोटऱ्या दुकायच्याच की! त्ये काय दुकनं हाय?" खरंच होतं तिचं. दिवसभर चिखलात वाकून रोपं लावणाऱ्या कुणाच्या पोटऱ्या दुखत नाहीत? म्हणून कुणी ते सांगत नसे, आणि आम्ही विचारतही नसू. अक्का माझ्याकडे वळली. "कावीळ आणि पोटरी. हे दोन घेऊन जा. मी इथं थांबते."

त्या दिवशी ग्रंथालयात मी एकटीच होते. 'पाय' मथळ्याखाली काही नाही. 'पोटरी' असा मथळाच नाही. भिकूचं किंचाळणं कानातून जाईना. शेवटी 'स्नायू' काढला, त्यातली वेदना शोधली, आणि काविळीखाली दिसलेला एक लेख तिथेही सापडला. कुठल्याशा दूरदेशीच्या भातशेतीतल्या मजुरांवरचा. उंदरांच्या मुतातून चिखलात आणि चिखलातून माणसात जाणारा ताप, आणि त्यावर उपाय पेनिसिलिन, वेळेत दिलं तर. अक्कानं माझं टिपण उभ्याउभ्याच वाचलं. मी चपला काढेपर्यंत सुई भिकूच्या दंडात होती. पोरगा वाचला.

तो हिंडूफिरू लागल्यावर रुक्माक्का टोपलीभर कंद घेऊन आली. आम्ही खुशीत होतो. तिनं टोपली ठेवली आणि विचारलं, "बाय, माज्या थोरल्याचंबी ह्येच व्हतं काय?" मी घाईघाईनं म्हटलं, "आता कसं सांगणार, मावशी..." पण अक्का म्हणाली, "हेच असणार, रुक्माक्का. त्याच्या पोटऱ्या मी बघितल्याच नाहीत." रुक्माक्का उठली आणि निघून गेली. मी अक्काशी कडाकडा भांडले. काय गरज होती? "तिनं विचारलं," अक्का म्हणाली. त्यानंतर त्या बाजूला गेली की ती रुक्माक्काच्या अंगणात जाई. पुष्कळदा रुक्माक्का बाहेरच येत नसे. एका जागी न ठरणारी ही बाई तिथे मात्र बराच वेळ उभी राही.

परवा रुक्माक्का दवाखान्यात आली, ती टोपली ठेवून गेली त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. बाकावर बसली. "गेली व्हय ती... माज्या थोरल्याचं नाव घेनारी तेवडीच ऱ्हायली व्हती." मग तिनं विचारलं, "त्या बेळगावच्या बुकात माज्या पोराचं काय लिवलंय?"

"काहीच नाही, रुक्माक्का. आपल्या या जंगलातलं कुणी लिहिलेलंच नाही."

अक्काच्या टेबलामागे खुर्ची होती, नव्यासारखी, कारण अक्का तीत कधी बसलीच नाही. मी बसले. कोरा कागद घेतला आणि थोरल्याचं नाव विचारलं.

"सोमा."

वैद्यकीय लेखात रोग्याचं नाव घालत नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी पहिल्या ओळीत मी सोमा असंच लिहिलं आणि विचारलं, "ताप कधी आला होता त्याला?"