मेट्रनबाईंचं रिव्हॉल्व्हर

"पूर्ण नाव सांगा."

मेट्रनबाईंची बेल वाजवली की दार उघडण्याआधी आतून हे ऐकू यायचं. दूधवाल्याला, पेपरवाल्याला, वर्गणी मागायला आलेल्या पोरांना, सगळ्यांना तोच हुकूम. मी त्यांच्या बरोबर समोरच्या घरात राहायचो, रोज सकाळी त्यांना दिसायचो, तरी मलाही वडिलांच्या नावासकट आडनावापर्यंत जावं लागे. माझी बायको सुनंदा मात्र फाटकातूनच "बाई, मी" म्हणायची, आणि कडी निघालेली ऐकू यायची. मला ते पहिल्यापासून खटकायचं.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल. बोलणं मोजकं, साडी कडक इस्त्रीची, आणि समोर उभं राहिलं की आपण उगाचच शर्टाचं बटण लावतो. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात त्यांनी उभा जन्म काढला होता. लग्न केलं नव्हतं. निवृत्तीनंतर नवीन पनवेलला घर घेऊन एकट्या राहायला आल्या.

नवीन पनवेल तेव्हा खरोखर नवीन होतं. आमची वर-खाली दोन-दोन खोल्यांची घरं सेक्टरच्या अगदी टोकाला. पलीकडे भाताची खाचरं, मग ओढा, मग काहीच नाही. नव्वद साल उजाडायच्या आसपास मागच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्या जोडप्याच्या घरी दरोडा पडला. आजोबांचा हात मोडला, आजींच्या कानातले ओरबाडून नेले. रविवारी सगळे गच्चीवर जमलो. कुणी म्हणालं गुरखा ठेवू, कुणी म्हणालं शिट्ट्या वाटू. बाई सगळ्यांचं ऐकून घेऊन उठल्या.

"मी परवाना काढणार आहे. रिव्हॉल्व्हरचा."

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. मी तर जास्तच, कारण ते वाक्य माझं होतं. कॉलेजात एनसीसीत रायफल हातात आली, तेव्हापासून मला या गोष्टीचं वेड. फोर्टातल्या फुटपाथवरून आणलेल्या जुन्या विलायती मासिकांचा गठ्ठा माझ्या पलंगाखाली होता. कुठल्या पिस्तुलात किती गोळ्या बसतात, कुठल्याची नळी किती लांब, मला तोंडपाठ. घरात संरक्षणाला काय ठेवावं यावर मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत भाषणं देत असे. आणि बोलून गेल्या बाई.

दुसऱ्याच दिवशी मीही अर्ज केला. पोलिसांची चौकशी झाली, अलिबागच्या कलेक्टर कचेरीतून बोलावणं आलं. दोघं एकाच एसटीनं गेलो. साहेबांनी मला विचारलं, "तुम्हाला कशाला हवंय?" मी घरापासून सुरुवात केली आणि कशी कोण जाणे, पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर यांतल्या फरकावर पोचलो. साहेब ऐकत होते, पण त्यांचं पेन बंद झालं होतं. मग बाई आत गेल्या. बाहेर बाकावर मला सगळं ऐकू येत होतं.

"वेळ आली तर चालवाल का?"

"वेळ येऊ नये असं वाटतं. आली तर चालवीन."

बाईंना परवाना मिळाला. माझा अर्ज नामंजूर झाला. सुनंदानं त्या दिवशी शिरा केला, आणि तो आधी समोर गेला.

थोड्या दिवसांनी बाई स्वतःच आमच्याकडे आल्या. "भाऊ, तुम्हाला त्यातलं कळतं. दुकानात माझ्याबरोबर चला." मला आनंद झाला आणि हेवाही वाटला. दुसऱ्याच्या लग्नासाठी मुलगी पसंत करायला जावं तसा मी गेलो.

दुकान फोर्टात होतं, जुनं, अंधारं. म्हातारे बोहरी शेठ गल्ल्यावर. परदेशी माल येणं बंद झालं होतं, त्यामुळे जे होतं ते कुणाकुणाचं वापरलेलं. शेठनी हिरव्या कापडावर चार नग मांडले. मी झटकन एक चपटं, काळंभोर पिस्तूल उचललं. हातात असं बसलं की सोडवेना.

"बाई, हेच घ्या. गोळ्या जास्त, चाप हलका. बोट नुसतं टेकवलं की काम होतं."

बाईंनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. "झोपेतून उठल्यावर चष्मा सापडेलच असं नाही," त्या म्हणाल्या. मग पिस्तूल घेतलं आणि वरचा भाग मागे ओढायचा प्रयत्न केला. सांधेदुखीनं बोटं सुजलेली, अर्ध्यावरच अडकलं. "आणि आत गोळी आहे की नाही, हे मला बाहेरून कळत नाही."

शेठनी एक इवलंसं रिव्हॉल्व्हर पुढे केलं. "लेडीज लोग यही पसंद करते हैं."

"हे पर्समध्ये मिरवायला. माझ्या घरात मिरवायचं कुणाला?"

शेवटी त्यांनी कोपऱ्यातलं एक जाडजूड रिव्हॉल्व्हर उचललं. रंग उडालेला, मूठ झिजलेली. उजव्या हातात धरलं, मग डाव्या. "उजव्यानं मी दार धरलेलं असेल," म्हणाल्या. खुर्चीवर बसून धरलं, उभं राहून धरलं. रिकामाच चाप दाबून पाहिला. तो लांबलचक मागे जायचा, आणि तो जाईल तसा मागचा घोडा हळूहळू वर उठायचा.

"याचा चाप फार जड आहे, बाई. वेळेला उशीर होईल."

"होऊ दे थोडा," बाई म्हणाल्या. "मला तेवढा वेळ लागतो."

शेठ हसले. मी पुन्हा एकदा ते काळं पिस्तूल हातात घेतलं आणि खाली ठेवलं. येताना एसटीत मी खिडकीबाहेर बघत होतो. माझं मत पिस्तुलाचंच होतं, आणि खरं सांगायचं तर त्या वस्तूवर माझा हक्क जास्त होता.

वसाहतीत बाईंचा भाव एकदम वधारला. संध्याकाळी बायका त्यांच्या ओट्यावर जमू लागल्या. सुनंदा तर दुपारची कामं आटोपून रोज तिकडे. घरी आल्यावर "बाई म्हणाल्या" यानं वाक्य सुरू व्हायचं. मी काही सांगायला लागलो की ती ऐकायची, पण हातातलं काम न थांबवता.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी दोघे जण विजेचा मीटर बघायचा म्हणून आमच्याकडे आले. सुनंदानं दार उघडलं आणि ते आत घुसले. एकानं तिचं तोंड दाबलं, दुसरा कपाटाच्या किल्ल्या मागू लागला. बाई गॅलरीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या. पुरुष आत गेले आणि दार लगेच बंद झालं, एवढंच त्यांनी पाहिलं. त्या खाली उतरल्या, रस्ता ओलांडला आणि आमचं दार ढकललं. कडी लागली नव्हती. रिव्हॉल्व्हर डाव्या हातात.

"तिला सोडा. मागच्या दारानं निघा."

ते निघाले. खाचरांतून पळत ओढ्यापलीकडे गेले.

मी संध्याकाळी स्टेशनवरून आलो तर घरासमोर ही गर्दी. मासळीवाली मला बघताच म्हणाली, "तुमी नव्हता त्याच बरा झाला, शेट. बाईंनी कसं पलवलं त्यांना!" सुनंदा बाईंना चिकटून बसली होती. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, तिनं माझा हात धरला, पण डोकं बाईंच्या खांद्यावरून उचललं नाही.

जेवताना मी म्हणालो, "मी असतो तर..."

"तुम्ही असतात तर त्यांना नळीची लांबी सांगत बसला असतात," ती म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली.

दोन-तीन दिवसांनी, सुनंदा बाजारात गेलेली असताना, बाई आल्या. पाणी दिलं, ते तसंच राहिलं.

"भाऊ, तुम्हालाच कळेल म्हणून सांगते. त्यातला एक एकदम वळला. माझं बोट आत गेलं. चाप अर्ध्यापर्यंत गेला असेल. तेवढ्यात तो बाजूला सरला, आणि त्याच्या मागे तुमची सुनंदा होती."

बाई माझ्याकडे बघत होत्या.

"ते काळं पिस्तूल असतं तर?" त्यांनी विचारलं.

"सुटलं असतं," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "तिला सांगू नका."

मी सांगितलं नाही. तुम्हाला विचित्र वाटेल, पण त्या दिवसापासून माझी जळजळ थोडी निवली. सगळ्या वसाहतीत बाईंची एक गोष्ट फक्त माझ्याजवळ होती. सुनंदा "बाई म्हणाल्या" म्हणून सुरू झाली की मी मनात म्हणायचो, मलाही म्हणाल्या आहेत, तुला ठाऊक नाही असं काहीतरी.

निवडणूक आली. परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करायचा हुकूम निघाला. बाईंनी जमा केलं. निकाल लागले, लोक आपापलं परत घेऊन आले, बाई गेल्या नाहीत. मी आठवण करून दिली तर म्हणाल्या, "राहू दे. परवानाही परत केलाय." त्याऐवजी त्यांनी दाराला आतून आडवी लोखंडी पट्टी बसवून घेतली आणि पुढची सात-आठ वर्षं त्या पट्टीवर काढली.

शेवटी पोटाचा आजार झाला. जुन्या पनवेलमधल्या एका लहान इस्पितळात होत्या. सुनंदा रोज पेज घेऊन जायची. शेवटच्या आठवड्यात मीही गेलो. बाईंनी मला पाहून हात केला, चार शब्द बोलल्या, मग म्हणाल्या, "भाऊ, जरा बाहेर बसा." मी बाकावर बसलो. दाराच्या फटीतून दिसत होतं, दोघी कपाळाला कपाळ टेकवून बोलत होत्या. मधेच सुनंदा हसली.

परतताना रिक्षात तिचे डोळे लाल होते. मी विचारलं, काय म्हणाल्या?

"ती दुपार. बोट आत गेलं होतं म्हणे. माफी मागत होत्या."

"मग?"

"मी म्हटलं, मला तेव्हाच माहीत होतं. मी समोरच उभी होते ना. तो मागचा घोडा वर उठताना पाहिला मी."

"मला कधी बोलली नाहीस."

"मला माहीत आहे हे तुमच्या तोंडून त्यांच्या कानावर गेलं असतं, तर त्या पुन्हा आपल्या घरी आल्या नसत्या."

रिक्षा पुलावर आली होती. माझ्याजवळ होतं ते तिच्याजवळ आधीपासून होतं, आणि माझ्यापेक्षा जास्त होतं.

आता बाईंच्या घरात दुसरं कुटुंब आहे. मी निवृत्त झालो आहे, दुपारी घरीच असतो. उन्हं कलली की सुनंदा गॅलरीत जाऊन समोर बघत उभी राहते. मी शेजारी जाऊन उभा राहिलो की थोडी सरकून जागा देते.