आबांच्या टाळ्या आणि खुलताबादचा बेसबॉल सराव

फेब्रुवारी लागला की आमच्या घरात "यंदा जायचं का?" असं कुणी विचारत नाही. "कधी निघायचं?" एवढंच विचारतात. लोक या दिवसांत वेरूळची लेणी बघायला जातात. आम्ही त्याच रस्त्यानं खुलताबादला बेसबॉलचा सराव बघायला जातो. हसू नका! शाळकरी पोरापोरींचं शिबिर असतं, शेवटचे दोन दिवस सराव सामने होतात आणि त्यातून संघ निवडतात. मी दुसरीत असल्यापासून आमचं एक वर्ष चुकलेलं नाही. आठवा महिना चालू असतानासुद्धा मी गेले होते. आईनं कपाळावर हात मारून घेतला होता.

हे खूळ आबांचं, म्हणजे माझ्या वडलांचं. निजामाचं राज्य गेलं ते अठ्ठेचाळीसचं पोलीस ॲक्शन झालं त्याच्या पुढच्या साली जन्मलेले, मेंढरांमागं वाढलेले आणि पुढं शाळेत पी.टी.चे सर झालेले. शाळेला कुठूनसं बेसबॉलचं सामान आलं होतं, ते कपाटात धूळ खात पडलेलं आबांनी बाहेर काढलं. खेळाडू निवडायची त्यांची रीत सोपी होती. "लांबचं मेंढरू जो दगड टाकून वळवतो, त्याला चेंडू फेकायला काय शिकवायचं?"

आणि त्यांचा एक नियम होता. चांगल्या फटक्याला आम्ही टाळी वाजवायची नाही, चुकलेल्याला वाजवायची. "फटका बसला की समदेच वाजवतात. ज्याच्या हातून सुटला, त्याला कोण हाय?" म्हणून कुणाचा झेल सुटला की आमचं अख्खं कुटुंब टाळ्या वाजवायचं. मला याचा लई अभिमान होता. शाळेत मैत्रिणींना सांगायचे, आमचे आबा असे आहेत म्हणून.

यंदा गोष्ट वेगळी होती. माझी लेक तनू, नववीतली, शिबिरात निवडली गेली होती आणि तिथंच वसतिगृहात राहत होती. इतकी वर्षं आम्ही दुसऱ्यांची लेकरं बघत होतो, आता आमचंच मैदानात होतं. आबांनी आठवडाभर आधीच टोपी धुऊन ठेवली.

शनिवारी सकाळी सातला बजाजनगरातून निघालो. नवरा पहिल्या पाळीला गेलेला, त्यामुळं गाडीत मी आणि आबा दोघंच. वाळूजकडून येणाऱ्यांना सांगते, शहरात शिरायच्या भानगडीत पडू नका. तिसगाववरून शरणापूरकडं निघा, थेट दौलताबादच्या रस्त्याला लागाल. दौलताबादचा जुना दरवाजा नऊच्या आत ओलांडा, नाहीतर सुट्टीच्या दिवशी तिथं एका वेळी एकच गाडी जाते आणि मागं रांग लागते. पुढं घाट सुरू व्हायच्या आधी पेरू घ्या, साठ रुपये किलो. आबांनी घासाघीस करून पन्नासला घेतले आणि वर दोन मीठ-तिखट लावून मागितले. घाट चढला की हवा बदलते. खुलताबादच्या पठारावर वारं इतकं की आबांनी टोपी हातातच धरली.

मैदानाला तिकीट नाही. बसायला दगडी पायऱ्या आहेत, पण सावली नाही. पाणी आणि रुमाल जवळ ठेवा.

तनू लांब, पार कुंपणाजवळ उभी होती. तासभर तिच्याकडं चेंडूच आला नाही. मग एक उंच उडाला. वाऱ्यानं तो थोडा सरकला, तशी तीही सरकली, बरोबर खाली आली, आणि ग्लोव्हमध्ये आलेला चेंडू बाहेर पडला. मैदान एकदम चिडीचूप झालं. आणि आबांनी टाळी वाजवली. सवयीनं मीही वाजवली. दोघांच्या टाळ्या साऱ्या मैदानाला ऐकू गेल्या. प्रशिक्षकांनी मान वळवून आमच्याकडं बघितलं, मग तिच्याकडं, मग वहीत काहीतरी लिहिलं.

सामना संपल्यावर तनू फाटकाशी आली. डोळे लाल.

"आबा, टाळी कशाला वाजवली?"

"अगं, चुकलेल्याला वाजवायची असती. धीर यावा म्हणून."

"धीर? ज्यांनी बघितलं नव्हतं, त्यांना पण कळलं माझ्याकडून सुटला म्हणून! उद्या तुम्ही येऊ नका, आबा. प्लीज." मग माझ्याकडं वळली. "तू पण, मम्मी."

मी म्हणाले, "आबांशी असं बोलतात का?" आबांनी मला गप्प केलं. "बोलू दे तिला."

मुक्काम नेहमीप्रमाणं सोनाआत्याकडं, म्हणजे आबांच्या बहिणीकडं. (तुमची आत्या तिथं नसेल तर वेरूळच्या रस्त्यावर दीडशे रुपयांत बरी थाळी मिळते.) ज्वारीची भाकरी, हरभऱ्याची भाजी, ठेचा, सगळं आबांच्या आवडीचं. त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली.

"दादा, लेकरू हाय. सकाळपर्यंत विसरून जाईल," आत्या म्हणाली.

"ती विसरंल गं. मी तीस-पस्तीस वरीस वाजवत आलो, त्याचं काय करू?"

रविवारी आबा वेळेवर तयार होऊन गाडीत बसले. मला वाटलं, येतील, मुकाट्यानं बसतील. पण फाटकापाशी आल्यावर म्हणाले, "तू जा. मी हितंच बसतो." भिंतीला लागून चहाची टपरी आहे, तिथल्या बाकड्यावर त्यांनी बैठक मारली. मला दोघांचाही राग आला. तिचा, कारण तिनं तोडून टाकलं. यांचा, कारण यांनी ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या पायऱ्यांवर एकटी बसले आणि खरं सांगते, सामन्यात जीवच लागेना.

मधल्या सुट्टीत पाणी घेऊन बाहेर गेले. आबांनी विचारलं, "आत्ता जोरात बसला तो डावीकडं गेला ना?"

"नाही, सरळ गेला. कॅच झाला."

"आस्सं!"

टपरीवाला हसत म्हणाला, "चच्चा तो दीवार के पीछू से मॅच देखरे, बाजी."

दुपारी प्रशिक्षकांनी संघाची सोळा नावं वाचली. तनूचं नव्हतं. ती खाली बसून बुटाची नाडी बांधत राहिली, बांधलेलीच होती ती. मग उठून माझ्या दिशेनं आली. मी हात पसरले. ती माझ्या बाजूनं तशीच निघून गेली, फाटकाच्या बाहेर. वाईट वाटलं मला, खोटं कशाला बोलू?

मी पोचले तेव्हा ती आबांच्या खांद्यात तोंड खुपसून रडत होती.

"आबा, मला नाय घेतलं."

"बरं."

"बरं काय, आबा!"

"बरं म्हंजे, मी हाय हितं."

येताना दोघं मागच्या सीटवर होते. घाट उतरेपर्यंत तनूनं तीन पेरू संपवले आणि शरणापूरच्या आत झोपून गेली. संध्याकाळी सहाला घरी. पेट्रोल, चहा, पेरू धरून हजाराच्या आत सहल झाली. माझ्या लेखी विषय संपला होता.

सोमवारी कामावरून आले तर आबा जुनी डायरी घेऊन बसलेले आणि तनू शेजारी बसून त्यांना नंबर लावून देत होती. आबा आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन करत होते. पन्नाशीतली माणसं ती! प्रत्येकाला एकच प्रश्न: "तुझ्या हातून चेंडू सुटला की मी टाळी वाजवायचो. तुला कसं वाटायचं? खरं सांग."

एक जण म्हणाला, भारी वाटायचं सर. दुसऱ्याला आठवतच नव्हतं. तिसरा मात्र म्हणाला,

"लई लाज वाटायची, सर. दोनदा घरी जाऊन रडलो होतो."

"मग तवाच का नाय सांगितलं, गाढवा?"

"सर, आमचा बाप कधी शाळेकडं फिरकला नाय. तुम्ही सुट्टी सोडून, पदरमोड करून आमच्यासाठी खुलताबादपर्यंत यायचे. तुम्हाला कसं सांगणार?"

 चष्मा काढून आबांनी डोळे पुसले, आमच्यासमोरच. तनूनं त्यांच्या हातातून फोन घेतला.

"काका, मी त्यांची नात. मी सांगितलं त्यांना."

"बरं केलंस, पोरी," पलीकडून आवाज आला. "आमच्यात कुणाची हिंमत झाली नाय."

पुढच्या फेब्रुवारीला आम्ही जाणार आहोत. तनू परत शिबिरात उतरणार आहे, आबा आतच बसणार आहेत, हे तिनंच त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय. टाळीचं काय करायचं, असं मी विचारलं. आबा म्हणाले, "आधी पोरांना इचारू."